मागचे ड्रम

गाडी आली ती उलटी, शेपटाकडून उचललेली. टोइंगवाल्याने आधी पुढून उचलून बघितली होती, पण मागची चाकं फिरायला तयारच नव्हती. टायर रस्ता खरवडत आले आणि चष्मेवाल्या काकांच्या शेडपासून गल्लीच्या तोंडापर्यंत दोन काळे पट्टे उमटले. मग गाडी फिरवून घेतली. काका टोइंगवाल्याच्या शेजारी बसून आले आणि उतरताना पायरी चाचपत उतरले.

काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नाकावर चष्मे चढवले आणि म्हातारपणी मोतीबिंदू त्यांच्याच दोन्ही डोळ्यांत उतरला. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं. तोवर दुकान बंद आणि गाडी दमट शेडमध्ये हँडब्रेक ओढून उभी. अशी गाडी महिनोन्महिने उभी राहिली की चाकाच्या लोखंडी ड्रमला आतून दाबून धरणारे ब्रेक शू त्यालाच चिकटून बसणार, यात विशेष काही नाही.

“धाकटे, चाकं तेवढी सुटी करून द्या,” काका म्हणाले. “ड्रम उघडू नका.”

“ड्रम न उघडता आतला ब्रेक कसा सोडवू, काका? फुंकर मारून?”

काका हसले नाहीत. “बाहेरून ठोकून सुटतात म्हणे.”

“कधी सुटतात, कधी नाही. नाही सुटले तर?”

काकांनी त्याच्याकडे नव्या डोळ्यांनी नीट बघितलं. मग ते काठी टेकत निघून गेले.

धाकट्याला याचं नवल वाटलं नाही. काका जुनं गिऱ्हाईक. ऑइल बदला, प्लग बदला, पुढचे ब्रेक बघा, सगळं त्याच्याकडेच. मागच्या चाकांची वेळ आली की मात्र “ते राहू द्या.” म्हातारा चिक्कू आहे, अर्ध्या गाडीचीच सर्व्हिसिंग करून घेतो, अशी त्याने बायकोपाशी कितीदा तरी थट्टा केली होती. बायको त्यावर कधी हसली नव्हती, पण ती एरवीही फारशी हसत नसे.

धाकटा म्हणजे आता कानशिलं पांढरी झालेला, गुडघे धरून उठणारा माणूस. पण गॅरेज दोघा भावांनी मिळून काढलेलं. लोकांच्या तोंडी थोरला आणि धाकटा हीच नावं बसली, आणि थोरला गेला तरी याचं धाकटेपण काही संपलं नाही.

थोरला गेला तो एका गाडीची ट्रायल घ्यायला म्हणून. नदीकाठच्या रस्त्यावरून गाडी पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी ती काढली तेव्हा ड्रायव्हरकडचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. नदी फुगलेली होती. शोधणाऱ्यांनी शोधलं, मग थांबले. धाकटा थांबला नाही. पाणी उतरल्यावरही तो काठाकाठाने फिरत राहिला, इतका की वहिनीलाच त्याला हाताला धरून घरी आणावं लागलं. कायद्याने जितकी वर्षं वाट बघायला सांगितली तितकी दोघांनी एका घरात, दोन खोल्यांत, मान खाली घालून बघितली. कोर्टाचा कागद हातात पडला आणि वर्षभराने त्यांनी साध्या सह्या करून लग्न केलं. लोक चार दिवस बोलले आणि गप्प बसले. लेक झाली. आता ती सायकलने शाळेत जाते.

सगळं मार्गी लागलं म्हणायचं. पण धाकट्याच्या उजव्या खांद्यामागे थोरला उभा असायचा तो असायचाच. थोरल्याची सवयच तशी होती: भाऊ काम करत असला की मागे येऊन उभा राहायचा आणि काही चुकलं की नाकाने एक दीर्घ श्वास सोडायचा. बोलायचा नाही. तो श्वास धाकट्याला अजून ऐकू यायचा, भर दुपारी, पाना हातातून निसटला की. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या दुपारी आभाळ भरून आलं होतं आणि पत्र्याखाली दिवा लावूनच काम करावं लागत होतं. त्याने गाडी जॅकवर घेतली, चाकं काढली, ड्रमच्या कडेने गंज सोडवणारं तेल मारलं आणि हातोडीने ठोकत फिरला. ड्रम घंटेसारखा वाजला पाहिजे. हा भरल्या पोत्यासारखा वाजत होता. पुन्हा तेल, पुन्हा ठोकणं. हँडब्रेकची केबल मागून सैल केली, तरी ढिम्म. शेवटी त्याने ड्रमच्या दोन भोकांत बोल्ट घातले आणि आळीपाळीने आवळत गेला. काकांचा शब्द आठवला, पण चाक फिरत नाही आणि ड्रम उघडायचा नाही, असं दोन्ही कसं जमणार? कडकन आवाज झाला आणि ड्रम हातात आला. शूचा लायनर, म्हणजे वरचा घासणारा थर, पत्र्यापासून सुटून ड्रमलाच चिकटून राहिला होता.

त्याने दिवा जवळ घेतला आणि त्याचा हात थांबला.

वरच्या स्प्रिंगचा आकडा पुढच्या बाजूने अडकवलेला होता. जगातला कुठलाही मेकॅनिक तो मागून पुढे काढतो. उजव्या हाताला तसंच सोपं पडतं. पुढून अडकवायचा तर पकड डाव्या हातात हवी. खाली हँडब्रेकच्या खिळीला क्लिपच्या जागी तांब्याची तार होती आणि तिचा पीळ उलटा, डावीकडे गेलेला. असं काम करणारा एकच माणूस त्याला माहीत होता. वडील त्या डाव्या हातावर पट्टी मारायचे, तरी सवय गेली नव्हती.

“दादा,” धाकटा म्हणाला. आवाज न करता, नुसते ओठ हलवून.

पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. कुठल्यातरी जुन्या वेळी दादाने हे काम केलं असेल, बोललाही असेल, आपणच विसरलो. तो तिथेच उलट्या क्रेटवर बसला आणि त्या तारेवरून बोट फिरवत राहिला. डोळे भरून आले ते त्याने तेलकट बाहीलाच पुसले. मग पार्ट जुळवायचे म्हणून त्याने शू मोकळा केला, उजेडात धरला आणि दोनदा उलटून बघितला.

शू या गाडीचा नव्हता. या गाडीचे शू बनणं कधीच बंद झालं होतं. हा त्या गोल नाकाच्या छोट्या गाडीचा शू होता. रुंदी तीच, वळण तेच, फक्त हँडब्रेकच्या खाचेत सूतभर घासावं लागतं. इथे घासलं होतं, आणि कानशीचे ओरखडे सगळे डावीकडे कललेले होते. त्या गोल नाकाच्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा लेक रांगत होती. थोरला तोपर्यंत कागदोपत्रीही मेलेला होता.

त्याने दुसरा ड्रम उघडला. तिथेही तेच. तोच उलटा पीळ, तीच कललेली खाच.

खांद्यामागे श्वास सुटला. धाकट्याने मान वळवली नाही. इतकी वर्षं तो त्या श्वासाला सरावला होता, मेलेल्या माणसाचा म्हणून त्याची माया वाटायची. आज पहिल्यांदा त्याला भीती वाटली. मेलेला माणूस कुठे जात नाही, काही मागत नाही. पण हा जर कुठेतरी खरोखरच श्वास घेत असेल, तर आपण कोणाच्या घरात जेवतो, कोणाच्या बायकोशेजारी झोपतो, आणि सह्या केलेल्या त्या कागदाचं काय? हात न धुता तो तसाच बाहेर पडला.

चष्म्याचं दुकान पुढच्या गल्लीत. दार अर्धंच उघडं होतं. भिंतभर रिकाम्या फ्रेमा मांडलेल्या, आणि त्या अंधुक उजेडात त्या सगळ्या मिळून दाराकडेच बघत होत्या.

“ड्रम उघडले, काका,” तो म्हणाला.

काकांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. “नको म्हटलं होतं.”

“कोणी केलं होतं ते काम?”

“नाव मी विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही, तोंडवळा तुमचाच होता.” काकांनी स्टुलाकडे बोट दाखवलं, पण धाकटा उभाच राहिला. “चष्मा करायला आला होता. एक डोळा झाकून वाचा म्हटलं की डाव्या हाताने झाकायचा. जाताना बाहेरची गाडी बघितली, म्हणाला मागचं चाक घासतंय. दुसऱ्या दिवशी शू घेऊन आला आणि माझ्या शेडमध्ये बसून काम करून गेला.”

“कुठे असतो?”

“ते सांगत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी येतो. मागची चाकं काढतो, साफसूफ करतो, परत बसवतो. तुमच्याबद्दल चकार शब्द विचारत नाही. मीच आपला बोलत बसतो. गॅरेजवर नवा पत्रा टाकला, मुलगी सायकल शिकली, असंच काहीबाही. तो ऐकतो. पत्र्याचं ऐकून तर हसला होता.”

धाकट्याने भिंतीचा आधार घेतला. दोन फ्रेमा खाली पडल्या. “का गेला? काही बोलला?”

“एकदाच. पहिली वर्षं अंथरुणात गेली, पुढची लाजेत, म्हणाला. परत आलो तेव्हा घर मांडून झालेलं होतं.” काकांनी गुडघे टेकून चाचपत फ्रेमा उचलल्या. “माझ्याकडून त्याने शब्द घेतलाय, धाकटे. म्हणाला, खुशाल त्या गॅरेजात जा, पण मागचे ड्रम धाकट्याला उघडू देऊ नका. आणि उघडलेच, तर मला सांगा.”

“कशासाठी?”

“म्हणाला, धाकट्याला कळलं की मला हे शहर सोडावं लागेल. आता दुकान उघडलंय म्हटल्यावर येईलच तो. मी नाही सांगितलं तरी ड्रम काढला की त्याला दिसणारच.”

धाकटा परत निघाला. इतकी वर्षं भाऊ इथेच, पुढच्याच गल्लीत येत-जात होता, तो फक्त आपण आंधळे होतो म्हणून. आणि आज आपणच त्याला हुसकावून लावायची सोय करून ठेवली.

गॅरेजच्या पुढच्या अंगाला स्पेअर पार्टचं काउंटर होतं आणि त्यावर त्याची बायको बसायची. बाजारात तिला पार्टवाल्या बाई म्हणत. बंद पडलेल्या गाडीला चालू गाडीचा कुठला पार्ट चालेल हे विचारायला लांबलांबून लोक तिच्याकडे येत. एक जुना ड्रम काउंटरखाली ठेवून तिने त्यात पन्नास प्रकारचे शू बसवून बघितले होते. धाकट्याने सोडवलेला शू तिच्यापुढे ठेवला. आधी हिला सांगावं की नाही, हेच त्याचं ठरलं नव्हतं.

तिने शू हातात घेतला. उलटा केला. खाचेवरून अंगठा फिरवला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण आश्चर्य मात्र कुठेच दिसलं नाही.

“हे मीच दिले होते,” ती म्हणाली.

“कोणाला?”

“माहीत असून काय विचारता?” तिने शू हळूच खाली ठेवला. “दाढी होती. बारीक झाले होते. मान वर न करता म्हणाले, जुन्या गाडीचे मागचे शू हवेत, आता मिळत नाहीत. मी आवाजाने ओळखलं. लेक इथेच, पायांशी खेळत होती. ती उठून उभी राहिली आणि काउंटरवरून डोकावली. त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग मला म्हणाले, कुठले बसतील?”

“आणि तू?”

“मी सांगितलं, गोल नाकाच्या गाडीचे बसतील, सूतभर घासावं लागेल. बांधून दिले. गिऱ्हाइकाला म्हणते तसं मी म्हटलं, नाही बसले तर परत घेऊन या.”

“मी मागे होतो का?”

“गाडीखाली होतात. तुमचे पाय त्यांना दिसत होते.”

धाकट्याला एकदम संताप आला. इतका की त्याने काउंटरवर मूठ आपटली आणि खिळ्यांचे डबे खणखणले. “मी नदीकाठी वेड्यासारखा फिरलो. तू बघितलंस. हाक मारायची होतीस मला. एक हाक.”

“मारली असती तर काय झालं असतं, सांगा.” ती रडत नव्हती, म्हणून ते जास्त कठीण होतं. “तुम्ही त्यांना आत आणलं असतं आणि स्वतः बाहेर गेला असता. मी ओळखत नाही का तुम्हाला? पिशवी घेऊन गेला असता, आणि लेकीला त्यांना बाबा म्हणायला लावलं असतं. मला दोनदा नवरा घालवायचा नव्हता. ते गेल्यावर कितीतरी दिवस मी दाराकडे डोळे लावून बसले होते. येऊ नयेत म्हणून.”

ती म्हणाली ते खरं होतं. पिशवी भरायचा विचार त्याच्या मनात चष्म्याच्या दुकानातून येतानाच येऊन गेला होता. तो खाली बसला आणि काकांनी सांगितलेलं सगळं त्याने तिला सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला कळलं हे त्यांना कळलं, की ते जाणार,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि नाही कळलं, तर इथेच राहणार.”

मग ती उठली, शिडीवर चढली आणि वरच्या फळीवरून गोल नाकाच्या गाडीचे शू उतरवून घेऊन आली. “हे कोरे आहेत,” ती म्हणाली. “त्यांनीच घासून बसवल्यासारखे दिसायला हवेत.”

मग धाकट्याने जे केलं ते त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. त्याने कानस डाव्या हातात घेतली. पहिल्याच फटक्याला ती घसरली आणि बोटाचं साल निघालं. तो पुन्हा घासू लागला. ओरखडे कधी सरळ जायचे, कधी भलतीकडे, आणि तो जुना शू शेजारी ठेवून शाळेतल्या पोरासारखा गिरवत राहिला. बायकोने दिवा धरला होता. खाच झाल्यावर त्याने नव्या पत्र्यावर जुना गंज आणि ब्रेकची काळी भुकटी तेलात कालवून चोळली. जुनी तार जपून उलगडली होती, तीच परत घातली आणि पीळ डावीकडे दिला. लायनर नवे आहेत हे लपणार नव्हतं, त्यावरही त्याने पॉलिश पेपर फिरवून झीज आणली. आपला भाऊ एवढ्याने फसेल का, ते त्याला माहीत नव्हतं. कदाचित ओळखेल आणि ओळख न दाखवता राहील. घरातल्या सगळ्यांनाच ते चांगलं जमत होतं.

आकडा पुढून अडकवताना स्प्रिंग दोनदा सुटून भिंतीवर आपटली. तिसऱ्यांदा बसली. हे आपण दादासाठी करतोय की आपलं घर वाचवायला, असं त्याने स्वतःला विचारलं. दोन्ही, असं उत्तर आलं, आणि त्याची त्याला लाजही वाटली. शेजारी दिवा हलला म्हणून त्याने वर बघितलं. बायको त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. कोणासाठी, ते त्याने विचारलं नाही.

काका गाडी न्यायला आले तेव्हा चाकं हाताच्या ढकलण्याने फिरत होती.

“सुटली,” धाकटा म्हणाला. “ड्रम उघडावे लागले नाहीत.”

काकांनी त्याच्या बोटाला गुंडाळलेल्या चिंधीकडे बघितलं. मग गाडीला वळसा घालून त्यांनी मागच्या चाकावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभे राहिले.

“शब्द दिलेला माणूस आहे मी,” ते म्हणाले. “पण मी काही गाडीखाली वाकून बघितलेलं नाही. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय.”

ते गाडीत बसले. धाकटा खिडकीशी गेला. “तो आला की तुम्ही बोलता ना, इकडचं काहीबाही?”

“बोलतो.”

धाकट्याला खूप काही सांगायचं होतं. पण जे जे मनात येत होतं त्यातलं कुठलंही सांगितलं असतं, तर मला कळलं आहे असाच त्याचा अर्थ झाला असता. तो खिडकीची कड धरून नुसता उभा राहिला. काकांनी वाट बघितली. शेवटी त्यांनी गाडी चालू केली.

तेव्हा बायको काउंटरमागून बाहेर आली. पदराने हात पुसत, गाडीकडे न बघता, वाणसामानाचं बोलावं तशी म्हणाली, “काका, बोलता बोलता एवढंही बोला. म्हणावं, पार्टवाल्या बाईंना हल्ली अजिबात दिसत नाही. समोर कोण येऊन उभं राहिलं, कितीदा आलं, काही ओळखू येत नाही त्यांना. मागेल तो पार्ट काढून देतात.”

काकांनी तिच्याकडे बघितलं. दर वर्षी तिचे डोळे तेच तपासत. तिला गल्लीच्या पलीकडच्या टोकावरची पाटी वाचता येत होती.

“सांगतो,” ते म्हणाले आणि त्यांनी हँडब्रेक सोडला.